नावं ठेवणारा

धम्मपालनं फाटकाबाहेर मोटारसायकल लावली आणि आत जायच्या आधी तिथं आडव्या लावलेल्या पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली. गाडी कुणाची ते नंबर वाचायच्या आधीच त्याला कळलं होतं. एवढ्या चिंचोळ्या गल्लीत एवढं मोठं धूड दुसऱ्याच्या फाटकासमोर आडवं घालणारा माणूस अख्ख्या नवीन जालन्यात एकच होता. त्यानं मागच्या नळीत बोट फिरवलं. बोटाला काळीकुट्ट काजळी आली. आतली धुराची गाळणी तुंबली म्हणून कुणीतरी ती उपटूनच टाकली होती, हे उघड होतं. बोट त्यानं भिंतीला पुसलं.

"अडीच टनाची गाडी," तो पुटपुटला. "घर ते दुकान पाच किलोमीटर, गाळणी तापायला बी पुरत न्हाई. अन् म्हणे डिझेल पाह्यजे."

काच खाली झाली. आतून ड्रायव्हरनं डोकं काढलं. माऊली त्याचं नाव.

"काय मिस्त्री, शेटची गाडी तपासून राह्यले का?"

"तपासायला आधी गाडी तर पाह्यजे," धम्मपाल म्हणाला आणि फाटक लोटून आत गेला.

बोलला खरा, पण डोकं त्या पांढऱ्या गाडीच्या मालकाकडंच होतं. कल्याण इथं कशाला आलाय? या अंगणात येण्यासारखं कल्याणचं काहीच नव्हतं. होती ती एकच वस्तू, मागच्या शेडमध्ये, राखाडी कव्हराखाली.

त्याच वस्तूसाठी आज धम्मपालनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रूपालीनं, त्याच्या बायकोनं, सकाळी तो कपाटातून काढून ठेवला होता. रूपाली जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. घरी मोजकंच बोलायची, पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचायचं नाही. चहाचा कप पुढं सरकवत म्हणाली, "वर्षभर थांबलात. आज तोंड उघडा. न्हाईतर दुसरं कुणी घेऊन जाईल अन् तुम्ही बसाल त्याच्या नावानं बोटं मोडत."

या घराच्या मालकांना, काकासाहेबांना, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध गेल्या गुरुवारी पार पडलं. जुन्या काळचे कंत्राटदार, शिस्तीचा माणूस. आयुष्यात एकच चैन केली, मुंबईच्या एका पारशाकडून दोन दरवाज्यांची निळी जर्मन गाडी घेतली, आणि रोज पहाटे ती स्वतः चालवली. तिची देखभाल दहा वर्षं धम्मपालकडं होती. पुण्यात अशाच गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये चौदा वर्षं काढून तो जालन्याला परतला आणि औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा पहिली गाडी आली ती ही.

धम्मपालच्या घरात वर्षश्राद्ध कुणी पाळत नाही. पण पाळणाऱ्याच्या घरी, वर्ष पुरं व्हायच्या आत, गेलेल्या माणसाची वस्तू मागायला जायचं नसतं, एवढी समज त्याला होती, आणि त्या समजेचा थोडा ताठाही होता. म्हणून वर्षभर तो दर पंधरा दिवसांनी आला. गाडी काढली, घाणेवाडीच्या तलावापर्यंत नेऊन आणली, पुसली, कव्हर घातलं, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि गेला. चकार शब्द काढला नाही. पैशाची तजवीज कधीच झाली होती. राहिलं होतं ते फक्त विचारणं.

व्हरांड्यात काकासाहेबांच्या वेताच्या खुर्चीत कल्याण बसला होता. पाय पसरून, दोन्ही फोन मांडीवर ठेवून. काकासाहेबांच्या पत्नी पुष्पाबाई, म्हणजे काकू, समोर स्टुलावर.

"ये रे, ये," त्या म्हणाल्या. "तुलाच फोन लावणार होते मी. हे कल्याणराव. बियाण्याची कंपनी आहे यांची. तू ओळखतच असशील, तुमच्याच हसनाबादचे."

"ओळखतो," धम्मपाल म्हणाला.

"एका वर्गात होतो काकू आम्ही, सातवीपर्यंत," कल्याण हसत म्हणाला. "आमच्या सर्जेरावचं पोरगं हे. बावीस वर्षं आमच्या ट्रॅक्टरवर होता सर्जेराव."

धम्मपालच्या वडलांना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. कल्याणपेक्षा ते तीस वर्षांनी मोठे होते, आणि तरी अजून 'आमचा सर्जेराव'च होते. धम्मपालनं ते गिळलं. गिळायची सवय होती, पण चव काही गोड लागत नव्हती.

"गाडीचं विचारायला आलेत," पुष्पाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही. धम्मपाल येऊन बघेल, तो सांगेल तसं. खोटं बोलायचा नाही तो."

वर्षभर घोटून ठेवलेलं वाक्य धम्मपालच्या जिभेवर होतं, 'काकू, गाडी मला द्या.' चारच शब्द. पण कल्याण त्याच्याकडं बघत होता, ओठाच्या कोपऱ्यात तेच हसू ठेवून. त्या हसण्यासमोर हात पसरून काही मागायचं?

"बघतो," तो म्हणाला.

"बघ की मिस्त्री," कल्याण म्हणाला. "तुझं मत तर जगजाहीर राह्यतं."

एवढं मात्र खरं होतं. धम्मपालच्या तोंडून कुठल्या गाडीचं चांगलं ऐकलेला माणूस जालना जिल्ह्यात शोधून सापडला नसता. महागडी गाडी घ्यायची म्हटलं की लोक आधी त्याच्या गॅरेजवर यायचे आणि मान खाली घालून परत जायचे. "छतावर काच कशाला पाह्यजे तुम्हाला? मे महिन्यात भाजून घ्यायचंय का?" "वीस इंची चाकं? भोकरदनच्या रस्त्यावर? रिम मोडली की माझ्याकडं रडत येऊ नका." "गाडी घेताना रंग काय बघता, टायरची तारीख बघा. मालक खोटं बोलतो, टायर बोलत न्हाई." गाडी स्वतः न धुणाऱ्या माणसाला गाडीतलं काही कळत नाही, हे त्याचं आणखी एक मत. आणि नुसती वरातीत मिरवायला स्पोर्ट्स कार घेतो त्याला तर भर चौकात उभं करून चार शब्द सुनवावेत, हे अजून एक. लोक मागं म्हणायचे, सगळ्या गाड्यांना नावं ठेवतो आणि स्वतः फिरतो मोटारसायकलवर. तेही त्याच्या कानावर यायचं. यायचं तर येऊ दे. घेईन तर एकच घेईन, असं त्याचं ठरलेलं होतं.

कल्याणही यायचा. यायचा म्हणजे गॅरेजच्या दारात उभा राहून सगळं विचारायचा, शांतपणे ऐकायचा आणि जाऊन बरोबर उलटं करायचा. पहिल्यांदा लिलावातली एक लांबलचक काळी गाडी घेतली. धम्मपालनं तिचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला होता. पट्ट्यावर गाळाची रेघ होती. "बुडालेली गाडी हाय ही, पुराच्या पाण्यात." कल्याणनं ती दुसऱ्या दिवशी उचलली. तीन महिन्यांत तिची वायरिंग गंजून हिरवी पडली. दुसऱ्यांदा स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली जीप. "या रस्त्यावर हवा टिकणार न्हाई." घेतली, आणि हसनाबादच्या वेशीतच ती बसली, क्रेननं न्यावी लागली. तिसरी ही पांढरी. दरवेळी दुरुस्तीला त्यानं गाड्या संभाजीनगरला नेल्या. धम्मपालच्या दारात मात्र आणल्या नाहीत. सर्जेरावच्या पोराचं ऐकून गाडी घेतली, असं गावात कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी तो बाकी सगळं सोसायला तयार होता. धम्मपालला हे कळत होतं, आणि त्यामुळंच कल्याणचा त्याला तिटकारा होता. पैसेवाल्या मूर्खाचा त्याला राग येत नसे, कीव येई. पण कल्याण मूर्ख नव्हता. त्याला बराबर कळायचं, आणि तरी तो उलटं करायचा.

शेडकडं जाता जाता धम्मपालच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

गाडीला नावं ठेवली तर कल्याण ती घेणार, आत्ताच्या आत्ता, फाटकाबाहेर काढून. आणि चांगलं म्हटलं तर? तर त्याला वाटणार, मिस्त्री काकूंना सामील आहे, यात काहीतरी गोम आहे. पायाला पाय लावून पळेल. आणि तो पळाला की धम्मपाल व्हरांड्यात येऊन ते चार शब्द बोलेल. खोटंसुद्धा बोलायला नको. फक्त खरं बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा एका गाडीबद्दल जे मनात आहे तेच तोंडानं बोलायचं. त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं.

त्यानं कव्हर ओढलं. निळा रंग उन्हात आला.

"बघ," तो म्हणाला. "दाराच्या बिजागऱ्या बघ. बोल्टवरचा रंग जसाच्या तसा. पाना लागलेलाच न्हाई. म्हंजे दार कधी उतरवलेलं न्हाई, ठोकर न्हाई, काही न्हाई."

"हं," कल्याण म्हणाला.

"टायर गेल्या वर्षीचे. चारी एकाच महिन्यातले. काकासाहेब दोन-दोन बदलायचे न्हाईत. हा बेल्ट ओढ. पुरा ओढ. हाय का रेघ? आता गालिचा उचल. सुका."

कल्याणनं बेल्ट ओढला, गालिचा उचलला, बोटं चोळून वास घेतला. पुष्पाबाई पदर खांद्यावर घेऊन मागं उभ्या होत्या. हातात धम्मपालसाठी आणलेला चहाचा कप.

धम्मपालनं बॉनेट उघडलं, आत बसून काकूंच्या जुडग्यातली किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं. त्यानं बाहेर येऊन पुष्पाबाईंच्या हातातला कप घेतला आणि तसाच, भरलेला, इंजिनाच्या झाकणावर ठेवला.

"बघ चहा."

चहावर बारीकशी थरथर होती. थेंब सांडला नाही.

"सहा सिलिंडर, एका रांगेत. आता असं इंजिन करून राह्यलेत कुठं? सगळे चारवर आले, टर्बोचा पंखा बसवतात अन् ताकद दाखवतात. दाबलं की झटका देतं अन् म्हणे ताकद. ही झटका देत न्हाई. ही वाढत जाती. तीन हजार फेऱ्यांवर एक आवाज, पाच हजारावर दुसरा, अन् साडेसहावर..." तो थांबला.

"अन् साडेसहावर काय?"

"ते चालवल्याबिगर कळत न्हाई."

"काकूंनी काही कबूल केलंय का तुला?" कल्याणनं हळूच विचारलं. "एवढं गोड बोलताना तुला मी कधी ऐकलं न्हाई."

शब्द झोंबले. दुसरी कुठली वेळ असती तर धम्मपालनं कप उचलून फेकला असता. पण आतून तो खूश झाला. मासा बराबर उलट्या दिशेनं चालला होता.

"काही न्हाई कबूल केलं. खरं ते सांगून राह्यलो."

इथंच थांबायला हवं होतं. जेवढं बोलायचं ठरवलं होतं तेवढं बोलून झालं होतं. पण वर्षभर, नव्हे, दहा वर्षं ज्या माणसानं मनातलं मनात ठेवलं, त्याच्या तोंडाला एकदा मोकळीक मिळाली की ते ऐकतं थोडंच? धम्मपाल बोलत सुटला. सांगायला लागला की लोक गाडी सरळ रस्त्यावर बघतात, गाडी वळणावर बघायची असते. घाणेवाडीच्या आधी जे डावं वळण आहे, तिथं बाकी गाड्या ओढून न्याव्या लागतात, ही आपण बघू तिकडं जाते. सांगायला लागला की गिअर हातानं टाकायचा असतो, पायानं आणि हातानं, तेव्हा आपण गाडी चालवतो; आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीत आपण नुसते बसलेले असतो. सांगायला लागला की हिची आसनं खाली आहेत, गुडघे दुखतात, मागं फक्त पोतं बसेल, रस्त्यावरच्या उंच गतिरोधकाला पोट घासतं, तिरकी काढावी लागते; एसी थकलाय, झाकणाच्या कडेनं तेल पाझरतं, तो गॅसकेट या उन्हाळ्यात बदलायलाच पाहिजे. दोषसुद्धा त्यानं असे सांगितले की आईनं लेकराची खोड सांगावी.

"पण ही गाडी रोज काढायची," तो म्हणाला. "झाकून ठेवायची न्हाई. झाकली की मरती. काकासाहेब गेल्यावर मी पंधरा-पंधरा दिवसांनी..."

बोलता बोलता तो कधीतरी परत आत बसला होता, आणि डावा हात गिअरवर, उजवा स्टिअरिंगवर. त्यानं वर पाहिलं. कल्याण गाडीकडं बघतच नव्हता. त्याच्याकडं बघत होता. हसू नव्हतं.

"उतर," कल्याण म्हणाला.

धम्मपाल इंजिन बंद करून उतरला आणि जुडगं काकूंना दिलं. कल्याणनं कप उचलून त्याच्या हातात दिला, बॉनेट लावलं आणि काही न बोलता व्हरांड्याकडं चालू लागला. चालला, धम्मपालला वाटलं. चालला एकदाचा. चहा गार झाला होता, पण त्यानं तो एका घोटात संपवला आणि मागोमाग गेला.

"काकू," कल्याण पायरीवर उभा राहून म्हणाला, "घेतली."

"घेतली?"

"घेतली. तुम्ही सांगितलेल्या किमतीत घासाघीस न्हाई. आज घेऊन जातो, कागदं उद्या माणूस आणून देईल."

"थांब," धम्मपाल म्हणाला. आवाज भलताच मोठा निघाला. "घेऊ नको. तुला झेपणार न्हाई ती. रस्ते आपले असे. सुटे भाग मिळत न्हाईत, महिना-महिना वाट बघावी लागती. अन् खर्चा..."

"आता राह्यलं ते," कल्याण म्हणाला. तो धम्मपालच्या अगदी जवळ आला. बोलला हळू, दातांतून, जणू शिवी देतोय. "तीनदा तू सांगितलं अन् तीनदा मी ऐकलं न्हाई. तीनदा तोंडावर पडलो. का ऐकलं न्हाई ते तुला बी माहीत हाय अन् मला बी. गावात लोक हसले. बायको हसली. आज अर्धा तास तुझं तोंड बघून राह्यलो मी. तुझ्या बापाची आन, तू एक शब्द खोटा बोलला न्हाईस. बोलला का?"

धम्मपालनं तोंड उघडलं.

"बोलला असशील तर सांग. इथंच सोडतो गाडी."

हा एकच क्षण होता. हो म्हणायचं होतं. 'हो, तुला पळवायला बोललो. मला पाह्यजे होती म्हणून बोललो.' गाडी त्याला मिळाली असती. बदल्यात द्यायचं होतं ते एवढंच, की सर्जेरावच्या पोराचं मतही विकाऊ निघालं, इतरांसारखंच. उद्या हसनाबादच्या पारावर ते पोचलं असतं, परवा सगळ्या जिल्ह्यात. आणि कल्याण आयुष्यभर तेच हसू हसला असता.

"न्हाई," धम्मपाल म्हणाला. "खरंच हाय सगळं."

"मंग झालं तर."

कल्याण फोन कानाला लावून फाटकाकडं गेला. "दैवशाला, अगं ऐक," तो बायकोला सांगत होता, "निळी. न्हाई, डबडं न्हाई. आपल्या धम्मपालनं पास केली." मिस्त्री म्हणाला नाही. धम्मपालनं ते ऐकलं आणि त्याला त्याचा राग आला, कारण बरं वाटलं होतं.

पुष्पाबाई पायरीवर बसल्या. त्यांनी किल्लीच्या जुडग्यातून गाडीची किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, नख अडकत होतं.

"मला वाटायचं, तू मागशील," त्या म्हणाल्या.

धम्मपालनं हाताचं तेल बाहीला पुसलं.

"वर्षभर वाट पाहिली मी. दर वेळी तू आलास की म्हणायचे, आज विचारेल. चहासुद्धा मुद्दाम उशिरा करायचे, बसावं म्हणून. तू पुसायचास अन् निघून जायचास. मग मीच मनाशी म्हटलं, अरे, याला अख्ख्या जिल्ह्यातली एकही गाडी पसंत पडत नाही. आपलीत पण काहीतरी खोट असणार, तोंडावर सांगवत नसेल. त्यात हे आले."

"वर्ष होऊ दे म्हटलं काकू. तुमच्यात पाळतात म्हणून."

"ते लग्नकार्याचं रे. गाडीचं कुणी काय पाळतं?" त्यांनी मान वर केली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं, तेल लागलेल्या बाहीकडं पाहिलं. हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं. "आज तू... त्याच्यासाठीच आलास?"

धम्मपालनं किल्लीची कडी त्यांच्या हातातून घेतली, अंगठ्यानं वाकवली आणि किल्ली सोडवून दिली.

"मी सांगते त्यांना," त्या उठत म्हणाल्या. "अजून काही लिहून झालं नाही. सांगते, घरच्या माणसाची आहे गाडी."

"नका सांगू."

"अरे पण..."

"नका सांगू म्हटलं ना!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा काकूंवर ओरडला. मग खाली मान घालून म्हणाला, "तो माझ्या शब्दावर घेऊन राह्यलाय. राहू द्या."

काकूंचे डोळे भरले होते, पण ते काकासाहेबांसाठी, गाडीसाठी की समोरच्या या हट्टी माणसासाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

कल्याण आला. किल्ली घेतली. पुष्पाबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, बॉनेटवर एक फूल ठेवलं. माऊलीनं पांढरी गाडी मागं घेऊन गल्ली मोकळी केली. कल्याण आत बसला. त्या खाली असलेल्या आसनात शिरताना त्याला कण्हावं लागलं. गाडी चालू झाली, फाटकापाशी एक धक्का खाऊन बंद पडली. फूल घरंगळून खाली आलं.

पुन्हा चालू केली. गिअर टाकताना कर्रर्र असा आवाज आला. धम्मपालचे दात शिवशिवले. कल्याणच्या तिन्ही गाड्या आपोआप गिअर पडणाऱ्या, सात-आठ वर्षं या माणसाचा डावा पाय रिकामा बसलेला. पुन्हा धक्का. पुन्हा बंद.

"शेट, मी घेऊ का?" माऊली धावत आला.

"तू गप तिकडं हो!" कल्याण खेकसला. कानापर्यंत लाल झाला होता. गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या होत्या, समोरच्या दुकानातून एकजण उठून बाहेर आला होता. कल्याणनं तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि गिअरचा दांडा असा ओढला की आतले दात ओरडले.

पाठ फिरवून जायचं. एवढंच करायचं होतं. मोटारसायकलला किक मारायची आणि जायचं. मोडू दे. त्याची गाडी, त्याचं नुकसान, नेऊ दे संभाजीनगरला. धम्मपाल मोटारसायकलपर्यंत गेलासुद्धा. हँडलला हात लावला. मागून पुन्हा तो आवाज आला.

"अरे, क्लच!" तो वळून ओरडला. "क्लच दाब आधी!"

"दाबलाय!"

"अर्धा दाबलास! पुरा दाब! तळाला लागू दे!" तो तावातावानं गाडीकडं चालत आला. "हात हलका ठेव! ट्रॅक्टर न्हाई तो! दोन बोटांनी टाक, दोन बोटांनी! अन् आता सोड, हळू... हळू म्हणलं ना, अकलेच्या कांद्या! जल्दी कशाची?"

कल्याणनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं, पण पाय दाबला, तळापर्यंत. दांडा दोन बोटांत धरला. गिअर आवाज न करता पडला. निळी गाडी अंगणातल्या लादीवरून अलगद गल्लीत उतरली.

"आता दुसरा!" धम्मपाल तिच्या बाजूनं चालत, मग धावत ओरडत होता. "दोन हजाराच्या वर जाऊ दे, मंग दुसरा! पुढं गतिरोधक हाय, तिरकी घे! तिरकी!"

गाडी तिरकी झाली. एक चाक चढलं, मग दुसरं, पोट घासलं नाही. कोपऱ्यावर दुसरा गिअर पडला, तोही बिनआवाज, आणि मग गाडी हाक ऐकू जाण्यापलीकडं गेली. धम्मपाल थांबला. त्यानं सांगितलं तसंच कल्याणनं सगळं केलं होतं.